हजेरीपटावर आपलं नाव

टोकियोच्या त्या अंतिम फेरीत भाला अजून हवेत होता आणि नीरज चोप्रानं पाठ फिरवलीसुद्धा होती. दोन्ही हात वर. ७ ऑगस्ट २०२१, दुसरी फेक. करोनामुळे स्टेडियम जवळजवळ रिकामं, त्यामुळे तो नेमके कुणाला हात उंचावून दाखवत होता ते त्यालाच ठाऊक. पडद्यावर आकडा उमटला ८७.५८ मीटर, आणि पुढच्या सगळ्या फेकींत तो कुणालाही ओलांडता आला नाही.

त्या संध्याकाळच्या आधी भालाफेकीतलं मला काय कळत होतं? काहीही नाही. पण अर्ध्या तासात मी जाणकार झालो होतो. रेषेला पाय लागला की फाउल, भाल्याचं टोक आधी टेकलं पाहिजे, बारा जणांतले पहिले आठच पुढच्या तीन फेकींसाठी उरतात, हे सगळं मी शेजारी बसलेल्यांना अशा थाटात सांगत होतो, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस रोज पहाटे भाला घेऊनच बाहेर पडतो. आणि फेक झाली तेव्हा मी उभा होतो. कधी उठलो ते आठवत नाही.

दर ऑलिंपिकला हे असंच होतं. कुस्तीतल्या रेपेचाजचंच घ्या. एरवी कुणी समजावून सांगू लागलं तर दुसऱ्या वाक्याला जांभई येईल असा नियम. आपल्या मल्लाला ज्यानं हरवलं तो अंतिम फेरीत पोचला, तरच आपल्या मल्लाला कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. म्हणजे ज्या मल्लावर आपण तासाभरापूर्वी दात-ओठ खात होतो, त्याच्याच विजयासाठी आता देव पाण्यात घालून बसायचं. रिओत २०१६ साली साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वालेरिया कोब्लोवाकडून हरली आणि त्यानंतर काही तास आपल्याकडचे कितीतरी लोक मनापासून रशियाच्या बाजूचे झाले होते. कोब्लोवा अंतिम फेरीत गेली, साक्षीला वाट मिळाली, आणि कांस्यपदकाच्या लढतीत ०-५ अशी मागे पडलेली ही मुलगी ८-५ नं जिंकली. शेवटच्या काही सेकंदांत. ती लढत पाहताना ज्याचा जीव टांगणीला लागला नसेल त्याच्याशी माझी मैत्री व्हायची नाही.

नवल याचंच वाटतं. जो खेळ आपण खेळत नाही, एरवी पाहत नाही, ज्या खेळाडूचं नाव कालपर्यंत माहीत नव्हतं, त्याच्यासाठी छातीत धडधड का व्हावी? झेंडा वर जाऊ लागला की गळा का दाटून यावा? याला देशप्रेम म्हणून मोकळं होता येतं. पण ते उत्तर मला पुरत नाही. देशावर प्रेम असण्याचे आणखी शंभर प्रसंग रोज येतात, तेव्हा अंगावर काटा येत नाही. कर भरताना तर नाहीच नाही.

मानसशास्त्रज्ञांनी यावर काम केलेलं आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांमधली एक गंमतीची पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव-चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या मुलांची संख्या वाढायची. दुसऱ्याच्या यशाचा उजेड आपल्या अंगावर पाडून घेण्याची ही माणसाची खोड. पटण्यासारखं आहे. विश्वचषक जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी निळे टी-शर्ट घालून फिरणारे लोक मी पाहिले आहेत, त्यात मीही होतो. पण कपड्यांचं कोडं यानं सुटतं, डोळ्यांतल्या पाण्याचं सुटत नाही. उजेड अंगावर पाडून घेणारा माणूस मिरवेल. तो रडेल कशाला?

माझ्यापुरतं मला जे उत्तर सापडलंय ते वर्गातल्या हजेरीसारखं आहे. मास्तर एकेक नाव घेत येतात. आपलं नाव घेतलं जातं, आपण ‘हजर’ म्हणतो, त्यांची पेन्सिल कागदावर टेकते. त्यात पराक्रम कसलाच नसतो. पण समजा वर्षानुवर्षं आपलं नाव पटावर नसेल, किंवा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाखाली आपली हजेरी लागत असेल, तर ज्या दिवशी आपलं नाव स्वच्छ, मोठ्यानं पुकारलं जाईल त्या दिवशी ‘हजर’ म्हणताना आवाज कापेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे जगाचा हजेरीपट आहे आणि ज्यांना पूर्वी पटाबाहेर बसावं लागलं त्यांच्या गळ्यात हा हुंदका अजून शिल्लक आहे, असं मला वाटतं.

हे नीट समजून घ्यायचं तर १९३६ च्या बर्लिनला जावं लागतं.

९ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. पहिला आला सोन की-चुंग, कोरियाचा. पण कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे निकालपत्रात नाव लागलं ‘कितेई सोन, जपान’. नावसुद्धा जपानी उच्चाराचं. पदक स्वीकारायला तो उभा राहिला, दुसऱ्याच देशाचं राष्ट्रगीत वाजू लागलं, आणि त्यानं मान खाली घातली. विजेत्यांना तेव्हा ओकचं रोपटं देत. ते त्यानं छातीशी असं धरलं की सदऱ्यावरचा जपानचा सूर्य झाकला जावा. तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. त्याच्या हातात रोपटं नव्हतं. सोनच्या सुवर्णपदकापेक्षा त्या रोपट्याचा आपल्याला हेवा वाटला, असं त्यानं पुढे सांगितलं. सही मागायला येणाऱ्यांना सोन कोरियन लिपीत सही करून देत होता. आणि तिकडे कोरियात ‘डाँग-आ इल्बो’ या दैनिकानं त्याचं छायाचित्र छापताना छातीवरचा तो सूर्य पुसून टाकला. शिक्षा व्हायची ती झालीच. पत्रकारांना अटक झाली, अंक महिनोन्‌महिने बंद राहिला. एका छायाचित्रातल्या तळहाताएवढ्या जागेसाठी.

त्यानंतर सहाच दिवसांनी, त्याच शहरात, हॉकीचा अंतिम सामना झाला. आदल्या दिवशी व्हायचा होता, पण पावसामुळे पुढे गेला आणि तारीख आली १५ ऑगस्ट. अकरा वर्षांनी ही तारीख काय होणार आहे याची मैदानावरच्या कुणालाही कल्पना नव्हती. ध्यानचंद कर्णधार. समोर यजमान जर्मनी, ज्यांनी स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात भारताला ४-१ असं हरवलेलं. संघावर दडपण होतं. अशा वेळी कपडे बदलायच्या खोलीत संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला सलामी दिली आणि मग मैदानावर उतरले. भारत ८-१ नं जिंकला. बाहेर जो झेंडा चढला तो ब्रिटिश अमलाचा होता. आपला झेंडा आत, बंद दाराआड.

एकाच स्पर्धेत, एकाच आठवड्यात, दोन पारतंत्र्यातल्या लोकांनी हे केलं. एकानं झेंडा झाकला, दुसऱ्यानं लपवून आणलेला उलगडला. त्यांना एकमेकांची गोष्ट तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं. मी जेव्हा जेव्हा कुणाला ‘खेळात कशाला आणता देश’ असं म्हणताना ऐकतो, तेव्हा मला बर्लिनमधलं ते रोपटं आठवतं. देश त्यात आणलेला नव्हता, तो आधीच तिथे होता. प्रश्न फक्त कोणाचा, एवढाच होता.

(त्याच बर्लिनमधली एक हलकीफुलकी गोष्टही सांगून टाकतो. हैती आणि लिख्टेनश्टाइन या दोन देशांना तिथे गेल्यावर कळलं की दोघांचा झेंडा तंतोतंत एकच आहे. वर निळा, खाली लाल. पुढच्या वर्षी लिख्टेनश्टाइननं आपल्या झेंड्यावर मुकुट काढून घेतला. हजेरीपटावर एकाच नावाची दोन पोरं निघाली की आडनाव लावावंच लागतं.)

बर्लिननंतर युद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. पुढचं झालं ते १९४८ चं लंडन. १२ ऑगस्टला वेम्बली स्टेडियमवर हॉकीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी. भारत ४-० नं जिंकला, त्यातले दोन गोल बलबीर सिंग यांचे. ज्यांनी राज्य केलं त्यांच्याच राजधानीत, त्यांच्याच माणसांसमोर, त्यांना हरवून झेंडा वर गेला. यावर कितीही लिहिलं तरी त्या अकरा जणांना तिथे उभं राहून काय वाटलं असेल याच्या जवळपास जाता येणार नाही, म्हणून लिहीत नाही.

असंच काहीसं फिजीचं. हा देश १९७० साली ब्रिटनपासून स्वतंत्र झाला, आणि २०१६ पर्यंत त्यांच्याकडे ऑलिंपिकचं एकही पदक नव्हतं. रिओमध्ये सात जणांचं रग्बी पहिल्यांदाच आलं. अंतिम फेरीत समोर कोण, तर ग्रेट ब्रिटन. निकाल ४३-७. फिजीनं नंतर चक्क सात डॉलरची नोट काढली. हिशेबाच्या दृष्टीनं अत्यंत गैरसोयीची, पण हिशेबासाठी ती काढलीच नव्हती.

त्याच रिओत कोसोव्हो पहिल्यांदा स्वतःच्या नावानं उतरला. माय्लिंदा केल्मेंदी ही त्यांची ज्युदोपटू चार वर्षांपूर्वी लंडनला अल्बानियाकडून खेळली होती, कारण तिच्या देशाचं नाव तेव्हा ऑलिंपिकच्या यादीतच नव्हतं. रिओत झेंडा घेऊन तीच पुढे चालली आणि ५२ किलो गटात सुवर्णपदकही तिनंच जिंकलं. देशाची पहिली हजेरी आणि पहिलं सुवर्ण, एकाच वेळी.

म्हणूनच मी उद्‌घाटनाचं संचलन शेवटपर्यंत पाहतो. आतषबाजी, नाचगाणी यांचा मला कंटाळा आहे, तेव्हा मी उठून कामं उरकतो. पण संघ येऊ लागले की जागा सोडत नाही. ग्रीस आधी, यजमान शेवटी, मधला क्रम यजमानांच्या भाषेनुसार. २००८ मध्ये बीजिंगला तो चिनी अक्षर लिहायला किती फटकारे लागतात त्यावरून लावला होता. त्यामुळे आपला संघ कधी येणार याचा अंदाज बांधणं अशक्य, डोळे लावून बसायचं. मोठमोठ्या देशांचे शेकडो खेळाडू लाटेसारखे येतात, त्यांतले निम्मे फोनवर चित्रण करण्यात गुंग. आणि मग मध्येच एखाद्या बेटाचे तिघे-चौघे येतात. नकाशात शोधायला भिंग लागेल असा देश. त्यांचा झेंडेकरी मात्र झेंडा असा काही फिरवत असतो की जणू मागे अक्षौहिणी चालली आहे. ‘एवढेसे लोक येतात कशाला’ असं म्हणणारे पाहिले की मला त्यांची कीव येते. २०२४ मध्ये महिलांची १०० मीटर शर्यत सेंट लुसियाच्या ज्युलियन अल्फ्रेडनं जिंकली, १०.७२ सेकंदांत. जेमतेम पावणेदोन-दोन लाख वस्तीचा देश, आणि जगातली सर्वांत वेगवान बाई त्यांची. ते त्या देशाचं पहिलंच ऑलिंपिक पदक होतं.

टोकियोपासून ग्रीसच्या मागोमाग निर्वासितांचा संघ चालतो. त्यांच्यासाठी राष्ट्रगीत नाही, ऑलिंपिकचंच गीत आहे. २०१६ मध्ये ते दहा जण होते. पॅरिसमध्ये सिंडी एन्गाम्बा हिनं मुष्टियुद्धात त्या संघाचं पहिलं पदक मिळवलं. तिच्यासाठी टाळ्या वाजवताना मला प्रश्न पडला की या पदकाचा अभिमान कुणी वाटून घ्यायचा? ज्या देशानं तिला राहू दिलं नाही त्यानं, की ज्या देशात तिनं आसरा घेतला त्यानं? पदकतालिकेत त्यांची ओळ वेगळीच आहे. मला वाटतं ते ठीकच आहे.

आपलाही झेंडा एकदा नव्हता, हे फार जणांच्या लक्षात नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेवर डिसेंबर २०१२ पासून बंदी होती, कारण तिच्या निवडणुकांचा घोळ. त्यामुळे फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी स्पर्धेत आपले खेळाडू तिरंग्याशिवाय, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली गेले. शिवा केशवन हा ल्यूज खेळणारा. बर्फाच्या नळीतून पाठीवर झोपून, पाय पुढे करून, ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर वेगानं खाली यायचं, असा हा खेळ. आपल्याकडे या खेळाची साधी घसरण नसताना तो १९९८ पासून हिवाळी ऑलिंपिकला जात होता. त्याची शर्यत आटोपली आणि ११ तारखेला बंदी उठली. स्पर्धा संपायच्या आत क्रीडाग्रामात तिरंगा चढला खरा, पण तोपर्यंत केशवन खाली उतरून झाला होता. साहेबलोकांच्या भांडणात त्याची हजेरी कोऱ्या कागदावर लागली. पदकाची काहीएक शक्यता नव्हती, तरीही ती बातमी वाचून मला जेवढा राग आला तेवढा कुठल्याही पराभवानं आलेला नाही.

आता पराभवांचं. आपल्या लोकांच्या स्मरणात सुवर्णपदकांइतकेच चौथे क्रमांक का कोरलेले आहेत, याचा विचार केलाय कधी? १९६० च्या रोममध्ये मिल्खा सिंग, सेकंदाच्या दहाव्या भागानं. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा, ५५.४२ सेकंद, तिसरी आलेली ५५.४१. रिओत दीपा कर्माकर, ०.१५ गुणांनी. पॅरिसमध्ये मीराबाई चानू एका किलोनं. हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ आहेत. चौथ्या नंबरला मंचावर जागा नाही, झेंडा नाही, गीत नाही. जग त्याला विसरतं, म्हणून ती नोंद घरच्यांना ठेवावी लागते. उषाची शर्यत ज्यांनी पाहिलीही नाही अशांनाही त्या शंभराव्या भागाची टोचणी आहे. जिंकण्याशीच अभिमान बांधलेला असता तर ही यादी कधीच फाटून गेली असती. नीरजनं आपलं सुवर्ण मिल्खा सिंगांना अर्पण केलं, ते दोनच महिन्यांपूर्वी गेले होते. एकसष्ट वर्षं उलटून गेल्यावरही त्या चौथ्या क्रमांकाचा कुणाला तरी असा आधार वाटला.

क्रिकेटवर मी मुद्दाम कमी लिहितो आहे. क्रिकेटमधला आपला अभिमान आता सरावाचा झाला आहे. आपण तिथे पटावर आहोत की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, किंबहुना पट आपल्याच टेबलावर ठेवलेला असतो. आणि जिथे हजेरीची हुरहूर संपते तिथे मागणी सुरू होते, हे मी क्रिकेटमध्येच पाहिलं.

१३ मार्च १९९६, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना भारत ८ बाद १२०. गॅलरीत आगी पेटल्या, मैदानात बाटल्या आल्या, सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. नाबाद विनोद कांबळी रडत पॅव्हिलियनकडे निघाला. त्या लाखभर लोकांचं देशावर प्रेम नव्हतं असं म्हणता येईल का? होतंच की. तेच तर अवघड आहे.

आणि मग ३१ जानेवारी १९९९, चेन्नई. पाकिस्तानविरुद्ध कसोटी, जिंकायला २७१ हव्यात. पाठीच्या कळा सोसत सचिननं १३६ काढल्या, विजय दृष्टिपथात आणून दिला आणि तो बाद झाला. उरलेले झटपट गेले. बारा धावांनी हार. सचिनसाठी जीव टाकणारं ते मैदान काही क्षण सुन्न झालं, मग लोक उठून उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्या दिल्या. थांबेनातच. वासिम अक्रमच्या संघानं मैदानाला फेरी मारून त्या टाळ्या स्वीकारल्या. कोणत्याही विजयानं मला भारतीय असल्याचं एवढं बरं वाटलं नसेल. धावफलक आपल्या विरुद्ध, आणि ऊर भरून आलेला.

दोन्ही गर्दी आपल्याच. यातली कुठली कधी बाहेर येईल ते सांगता येत नाही आणि हा आजार आपल्यापुरता नाही. ११ जुलै २०२१ ला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सँचो आणि एकोणीस वर्षांच्या साकाचे पेनल्टी फटके हुकले. तिघेही कृष्णवर्णीय. रात्रभर त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. मेसुत ओझिलनं २०१८ मध्ये जर्मनीचा संघ सोडताना म्हटलं होतं, की जिंकलो तेव्हा मी जर्मन असतो आणि हरलो की बाहेरून आलेला. आणि इंग्लंडची ती घटना घडून महिनाही झाला नव्हता तोच आपल्याकडे काय झालं? टोकियोत वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून संघ हरला, आणि तिच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाली. ती तेव्हा अजून टोकियोतच होती, कांस्यपदकाचा सामना बाकी होता.

हे वाचून माझ्या त्या हजेरीच्या कल्पनेला तडा गेला हे कबूल करायला हवं. पटावर देशाचं नाव पुकारलं जातं तेव्हा आपण सगळे ‘हजर’ म्हणतो खरं, पण त्या एका नावाखाली कुणाकुणाला धरायचं याची आपल्यातच एक वेगळी, न लिहिलेली यादी चालू असते. जिंकलो की ती खिशात जाते. हरलो की बाहेर येते. शनिवारच्या विजयाचे सोमवारी कपडे घालणारी मुलं निरुपद्रवी होती. पराभवानंतर कुणाचा तरी सदरा उतरवू पाहणारी माणसं तशी नाहीत.

याच्यावर उतारा काय, मला माहीत नाही. एवढं मात्र दिसतं की स्वतः मैदानात उतरलेली माणसं आणि त्यांच्या घरचे या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ शहाणे असतात. पॅरिसमध्ये ८ ऑगस्ट २०२४ ला पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटरची फेक केली आणि नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळालं. आपल्याकडे वाहिन्यांचे कॅमेरे नीरजच्या आईपाशी पोचले, उद्देश स्पष्ट होता. ती माउली म्हणाली की सुवर्ण ज्याला मिळालं तोही आपलाच मुलगा आहे. झालं. कॅमेऱ्यांना पुढे काय विचारावं सुचेना. पलीकडे अर्शदच्या आईनंही नीरजबद्दल असंच काहीसं म्हटलं.

आणि खेळाडू ज्या अभिमानाचं आपल्याला मोफत वाटप करतात त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली असते. १९५२ च्या हेलसिंकीला खाशाबा जाधव जाऊ शकले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले म्हणून. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक स्पर्धेतलं पहिलं पदक ते. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आपण खाशाबांचा अभिमान कितीदा बाळगला? ते पोलीस खात्यात नोकरी करत राहिले, १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी मिळाला. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. चांगलंच आहे. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीतल्या ‘तीन पोझिशन’ प्रकारात कांस्य जिंकलं तेव्हा बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक आलं म्हणून सगळ्यांनी खाशाबांचं नाव काढलं. तोवर हा रेल्वेतला तिकीट तपासनीस कुणाच्या खिजगणतीत नव्हता. सकाळी मीही गूगलवर त्याचं नाव शोधत होतो. तीन पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं, हे दुपारपर्यंत मी इतरांना शिकवू लागलो होतो.

२ नोव्हेंबर २०२५ ला महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा, क्रिकेट असूनही, मला जुनं काहीतरी पुन्हा जाणवलं. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय, शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीतचा, मागे पळत जाऊन टिपलेला. मैदानात एकच कल्लोळ. दुखापतीमुळे अंतिम सामना हुकलेली प्रतीका रावल चाकांच्या खुर्चीत बसून त्या घोळक्यात आली. आणि एका बाजूला अमोल मुझुमदार, संघाचे प्रशिक्षक. १९८८ मध्ये शाळेच्या ज्या सामन्यात सचिन आणि कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली, त्यात पॅड बांधून पुढच्या नंबरची वाट बघत बसलेला हाच मुलगा. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणातच २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा झाल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. एकही नाही. हरमनप्रीत त्यांच्यापाशी गेली आणि पाया पडली, मग दोघंही एकमेकांना मिठी मारून रडत होते. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. चौथ्यांदा नेऊ लागलो तेव्हा घरच्यांनी रिमोट काढून घेतला, त्यांना बक्षीस समारंभ पाहायचा होता.